गॉलमचे ‘आम्ही’ आणि पिपिनचे ‘तू’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल्पनिक जगांच्या लांबलचक कादंबरी-मालिका आता मराठीत येतात आणि त्यांची परीक्षणेही छापून येतात. त्यात कथानकावर चार परिच्छेद असतात आणि अनुवादावर शेवटी एक ओळ: ‘भाषा ओघवती आहे.’ ज्या मालिकांत लेखकाने माणसांची बोली, शिव्या, लाडाचे शब्द आणि स्वतःविषयी बोलण्याची रीत वर्षानुवर्षे बसून घडवलेली असते, तिथे ओघवतेपणाने काहीच सिद्ध होत नाही. मूळच्या खाचाखोचांवरून रंधा फिरवला की भाषा आपोआप ओघवती होते. अशा मालिकेत घडवलेली बोली कथानकाचे सांधे जोडते. म्हणून अनुवादाचे पहिले पान लिहिण्याआधी तिचा तक्ता मांडायला हवा, आणि तोही शेवटचा खंड वाचून झाल्यावर, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. टोल्कीनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954 आणि 1955 मध्ये तीन भागांत आली. तिसऱ्या भागाच्या शेवटी परिशिष्टे आहेत, त्यांतले एक भाषांवर आहे. त्या जगातल्या सामाईक बोलीत समोरच्याशी बोलण्याची दोन रूपे होती, एक सलगीचे आणि एक आदराचे, असे टोल्कीन तिथे सांगतो. हॉबिट म्हणजे त्या जगातली बुटकी, साधी माणसे, आणि शायर हा त्यांचा मुलूख. शायरमधल्या हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून आदराचे रूप गेलेच होते. त्यामुळे पिपिन हा तरुण हॉबिट मिनास तिरिथ या माणसांच्या राजधानीत पोचल्यावर सुरुवातीचे काही दिवस लहानथोर सगळ्यांशी सलगीच्याच रूपात बोलला, खुद्द अधिपती डेनेथॉरशीसुद्धा. म्हाताऱ्याला त्याची गंमत वाटली असेल, पण नोकरचाकर चाट पडले असणार. हा पोरगा आपल्या मुलखात कुणी फार मोठा असावा, ही आवई पसरायला हे बोलणेही कारण झाले, असे टोल्कीन लिहितो.

आजच्या इंग्रजीत हे दाखवायची सोय नव्हती, म्हणून ते परिशिष्टात सांगावे लागले. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आयते आहेत. पिपिन भर दरबारात ‘तुझ्या मुलाने आम्हाला वाचवताना जीव दिला’ असे म्हणाला की मराठी वाचकाच्या पोटात गोळा येतो, आणि पुढची ‘राजपुत्र आलाय’ ही कुजबुज न सांगता पटते. पण आपल्या संस्कारात राजापुढे ‘तू’ बसत नाही (देवाला आणि आईला बसतो, ती गोष्ट वेगळी), म्हणून हात आपोआप ‘महाराज, आपण’ लिहून जातो. वाक्य सभ्य होते आणि त्या आवईला आधारच उरत नाही.

त्याच टिपेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. आदराचे रूप शायरमध्ये फक्त खेडुतांत, त्यातही पश्चिमेकडच्या भागात, शिल्लक होते आणि ते लोक ते लाडाने वापरत. सॅम हा कादंबरीचा नायक फ्रोडो याचा माळी, हॉबिटन गावचा, म्हणजे त्याच भागातला. तेव्हा सॅमने फ्रोडोला ‘तुम्ही’ म्हणावे, पण त्यात नोकराचा दबकेपणा नको, माया हवी. आपल्याकडे रांगणाऱ्या पोराला ‘या राजे, बसा’ म्हणतात, त्या जातीचा हा आदर आहे. मग सॅमच्या तोंडच्या ‘मिस्टर फ्रोडो’चे काय करायचे? ‘धनी’ आणि ‘मालक’ गावाकडे नवऱ्यालाही म्हणतात, म्हणून ते बाद. ‘साहेब’ म्हटले की कचेरी आली. फ्रोडो सॅमपेक्षा 12 वर्षांनी मोठा आहे, त्यामुळे ‘फ्रोडोदादा’ वयाला शोभते, पण माळी आणि मालक हे अंतर त्यात थोडे पुसले जाते. तरीही ‘दादा’ आणि ‘तुम्ही’ एकत्र ठेवले तर सर्वांत कमी नुकसान होते, असे माझे मत आहे.

सर्वनामाचा सर्वांत नाजूक वापर राजाची भाची एओविन आणि पुढे राजा होणारा ॲरागॉर्न यांच्यात आहे. ॲरागॉर्न मृतांच्या वाटेने निघतो, तेव्हा एओविन बोलता बोलता मध्येच सलगीच्या रूपावर येते. टोल्कीनने तिथे जुने इंग्रजी एकवचनी सर्वनाम वापरले आहे, आणि दुसरे साधन नसल्यामुळे असे करावे लागले हे परिशिष्टात नोंदवले आहे. ॲरागॉर्न मात्र आदराच्याच रूपात उत्तर देतो. तिच्या प्रेमाला नकार त्या रूपातच आहे, वेगळ्या वाक्याची गरज पडत नाही. पुढे कित्येक प्रकरणांनंतर एओविनचे लग्न डेनेथॉरच्या धाकट्या मुलाशी, फॅरामीरशी ठरते आणि ती ॲरागॉर्नकडे शुभेच्छा मागते, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याशी सलगीच्या रूपात बोलतो. आता त्या ‘तू’मधून कुणाचा गैरसमज होणार नसतो. मराठीत या दोन ‘तू’ंच्या मधल्या पानांवर या दोघांत एकही ‘तू’ सांडता कामा नये. मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर तो ‘एकसारखेपणा’साठी सगळीकडे ‘तुम्ही’ करून टाकतो.

आता गॉलम, जादूच्या अंगठीच्या लोभाने झिजून गेलेला एक जीव. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. क्वचित त्याच्या तोंडून ‘मी’ निघतो, आणि असा ‘मी’ आला की जुना खरेपणा थोडा वर आला आहे असे समजावे, हे फ्रोडोच्या लक्षात येते. म्हणजे इथे सर्वनाम हाच पुरावा आहे. मराठीत दोन अडचणी येतात, आणि एक फायदा आहे.

फायदा असा की आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. गॉलम स्वतःशी, म्हणजे आतल्या दुसऱ्याशी बोलतो तेव्हा ‘आपण’ (‘आपण बघू हं, आपण थांबू’), आणि फ्रोडोला सांगतो तेव्हा ‘आम्ही’. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत गॉलम कुणाकडे तोंड करून बोलतोय ते वाक्यातूनच कळते.

अडचण पहिली: मराठीत कर्ता गाळला जातो. ‘जाईन’ आणि ‘जाऊ’ यांत फक्त प्रत्ययाचा फरक, तो वाचकाच्या नजरेतून निसटतो. म्हणून गॉलमच्या संवादांत सर्वनाम गाळायचे नाही, हा नियमच ठेवावा. थोडे बोजड झाले तरी चालेल, तो बोजडच बोलतो. अडचण दुसरी: नुसते ‘आम्ही’ मराठीत राजेशाही वाटते, नाहीतर रुसलेल्या मुलीचे ‘आम्ही नाही जा’ वाटते. त्यावर उपाय असा की त्याचे ‘आम्ही’ लाचार क्रियापदांशी बांधायचे: ‘आम्हाला भूक लागलीय’, ‘आम्हाला मारू नका’. हुकूम सोडणारे ‘आम्ही’ टाळायचे. आणि ‘अपुन’च्या वाटेला चुकूनही जाऊ नये, मुंबईतल्या पडद्यावरचा टपोरी तिथे येऊन बसतो आणि उठत नाही.

स्वतःचा उल्लेख नामाने करणारे पात्र आणखी एका मालिकेत आहे. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेच्या दुसऱ्या खंडात (1998) जाकेन नावाचा माणूस ‘मी’ आणि ‘तू’ म्हणतच नाही. स्वतःला ‘माणूस’ आणि आर्या या पोरीला ‘मुलगी’ म्हणतो. पुढे कळते की त्याच्या पंथात ‘मी कुणीच नाही’ ही साधना आहे. मराठीत ‘एक माणूस’ लिहिले तर ‘एक माणूस होता’ अशी गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते. ‘हा माणूस’ लिहिले तर बोट दाखवले जाते, आणि त्याला नेमके तेच नको आहे. मराठीला उपपद लागत नाही, तेव्हा नाम उघडे ठेवावे: ‘माणसाला तहान लागली आहे. मुलगी पाणी देऊ शकते.’ हे इंग्रजीपेक्षाही थंड लागते. फक्त क्रियापद तृतीय पुरुषी राहील याची काळजी घ्यायची. एकदा जरी ‘येतो मी’ निसटले तर पंथ मोडला.

घडवलेल्या शब्दांकडे वळतो. हॉबिटांच्या बोलीत ‘मॅदम’ म्हणजे जिचा लगेच उपयोग नाही पण टाकवतही नाही अशी वस्तू. अशा वस्तू वाढदिवसांच्या भेटींतून एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. टोल्कीनने हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘मौल्यवान वस्तू’ या अर्थाच्या शब्दावरून घेतला, म्हणजे खजिना झिजत झिजत अडगळ झाला. नुसते लिप्यंतर केले तर एका अक्षराच्या अंतरावर ‘मॅडम’ उभी आहे. शिवाय तो मॅदम की ते मॅदम, अनेकवचन काय, ‘मॅदमला’ की ‘मॅदमाला’, हे प्रश्न पहिल्याच पानावर येतात. लिंग आणि सामान्यरूप नसलेला शब्द मराठीत लंगडतो. ‘अडगळ’ म्हटले तर खजिना जातो.

मग घडवायचे कसे? मराठीची स्वतःची टाकसाळ आहे. डबा जुना झाला की डबडं होतो. त्याच साच्यात ठेवा घातला की ‘ठेवडं’ मिळते. त्यात मूळचा ठेवा ऐकू येतो आणि मोडकेपणाही. चालवायलाही सोपे: ठेवडं, ठेवडी, ठेवड्याला. टीप द्यावी लागत नाही. पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी वस्तू दिसली पाहिजे, म्हणजे कोनाड्यातले झाकण हरवलेले भांडे किंवा कुणीतरी दिलेली, कधीच न घातलेली टोपी. दुसऱ्यांदा शब्द एकटा चालतो.

याच घरातला दुसरा शब्द फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याच्या 111व्या वाढदिवसाचा. इंग्रजीत सत्तर-नव्वदच्या चालीवर अकरापासून (इलेव्हन) ‘इलेव्हन्टी’ असे एक गमतीदार दशक पाडले आहे. ‘एकशे अकरा’ बरोबर आहे, पण त्यात हॉबिटन नाही. आपल्याकडे खेड्यांत विसाने मोजत, पाच विसा म्हणजे शंभर. तेव्हा ‘साडेपाच विसा आन् एक’. हिशेब चोख, आणि मोजणारा आजा समोर उभा राहतो.

मात्र गावरान बोलीचे एक पथ्य आहे. सॅमला मालवणी किंवा वऱ्हाडी दिली की वाचक शायरमधून उठून थेट सिंधुदुर्गात किंवा अकोल्यात जातो, आणि तिथले लोक कादंबरीत नोकर म्हणून उभे राहतात. त्यापेक्षा अनेक बोलींत सामाईक असलेली दोन-तीन लक्षणे निवडावी (‘आणि’चे ‘आन्’, ‘काही’चे ‘काय’, अनुनासिक उच्चारात थोडी ढिलाई) आणि तेवढ्यावरच थांबावे. चोरांच्या टोळीची भाषा करताना तर खऱ्या भटक्या-विमुक्त जमातीचे शब्द उचलूच नयेत. 1871च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून निघाला. कादंबरीने तो पुन्हा मारू नये. नमुना हवाच असेल तर व्यापाऱ्यांची जुनी नंदभाषा पाहावी. तिच्यात पाचाला ‘मुळू’ म्हणतात, पण वाक्य साधे मराठीच राहते. सांकेतिक बोली बहुधा अशीच चालते: आकडे आणि नामे बदलतात, व्याकरणाला हात लागत नाही.

व्याकरणच बदलणारी बोली दुर्मीळ. म्हणूनच ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेतला स्पूक हा अनुवादकाची खरी परीक्षा घेतो. पहिल्या तीन कादंबऱ्या 2006 ते 2008 मधल्या. स्पूक हा पूर्वेकडच्या गल्लीत वाढलेला पोरगा. क्रियापदांना एकच प्रत्यय लावून, शब्दांची उलटापालट करून तो बोलतो, आणि सोबत्यांनाही ते धड कळत नाही. त्याचे मूळचे नावच त्या बोलीतले एक वाक्य आहे: ‘मला टाकून दिलंय.’ हाक मारणारा प्रत्येक जण नकळत ते वाक्य उच्चारतो.

आता इथे ‘ए भिडू, काय बोलतो’ अशी रस्त्यावरची मराठी वापरायचा मोह होतो. पहिल्या खंडापुरते ते खपेल. पण 2011 पासून आलेल्या पुढच्या कादंबऱ्या सुमारे 300 वर्षांनंतरच्या काळात घडतात, आणि त्यांत हीच गल्लीतली बोली अभिजात, समारंभाची, शिकून घ्यायची भाषा झालेली असते, कारण मधल्या काळात स्पूक मोठा राज्यकर्ता होऊन गेला. मंत्रासारख्या उच्चारल्या जाणाऱ्या त्या भाषेत ‘भिडू’ आला तर सगळा डोलारा कोसळतो.

त्यामुळे बोली नियमांनी बांधावी लागते, म्हणजे तीच वाक्यरचना गल्लीत उर्मट वाटेल आणि सभागृहात गंभीर. एक रीत सुचवतो. नियम तीनच: क्रियापदाचे ‘-णं’ लावून नाम करायचे, त्याला ‘होतं’ किंवा ‘होवो’चा टेकू द्यायचा, आणि कर्ता षष्ठीत व ठिकाण ‘-तलं’ लावून वाक्याच्या शेवटी ढकलायचे. ‘तो बाजारात पळाला’चे होते ‘पळणं होतं बाजारातलं त्याचं’. पोराच्या तोंडी हे अडखळते, चिडवते. 300 वर्षांनंतर, हात वर करून: ‘असणं होवो शुभाचं तुमच्यातलं’. नियम तेच आहेत, एकही शब्द संस्कृत करावा लागला नाही. आणि नाव? ‘सोडणं होतं माझं’ भराभर म्हणत गेले की ‘सोडनोतमा’ उरते. ते नावासारखे दिसते, आणि ज्या खंडात अर्थ उलगडतो तिथे वाचक मागे जाऊन ते पुन्हा वाचतो. तीनऐवजी सात नियम केले तर अनुवादकालाच दुसऱ्या खंडात आठवत नाहीत, म्हणून तीन.

शिव्यांबाबत थोडक्यात. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे 14 खंड 1990 ते 2013 मध्ये आले. जॉर्डन 2007 मध्ये गेला आणि शेवटचे तीन खंड सँडरसनने पुरे केले. लेखक बदलला तरी मॅट या पात्राच्या तोंडची ‘रक्त आणि राख’ तीच राहिली. पण मराठीत ‘रक्त आणि राख!’ ही शिवी होत नाही, ती यादी होते. मराठी शिवीला संबोधन लागते, नाहीतर शाप: ‘राखरांगोळी होवो’, ‘राख पडो’. ‘जळ्ळं मेलं’ अर्थाने जवळ आहे, पण ते बायकांच्या तोंडचे. मॅटसारख्या पोराने म्हटले की वाचक गोंधळतो. ‘देवा!’ आणि ‘आईशपथ’ही टाळावे. तिथे लोक प्रकाशाची आण घेतात, तेव्हा ‘उजेडाची आण’ रूढ करावे, आणि चौदाही खंडांत तेच ठेवावे. याच मालिकेत राजकन्या एलेन अर्थ न कळता शिव्या गोळा करते आणि चुकीच्या जागी वापरते. मूळ शिवी ठरलेली नसेल तर तिची चूक मराठीत दिसणारच नाही.

आता गोष्टीने स्वतःकडे बोट दाखवण्याविषयी. टोल्कीनने आपण मूळ लेखक नसून हॉबिटांच्या लाल ग्रंथाचे अनुवादक आहोत अशी भूमिका घेतली. 1937च्या ‘द हॉबिट’मध्ये गॉलम बिल्बोशी कोड्यांची पैज हरल्यावर आपली जादूची अंगठी भेट द्यायला तयार असतो. पुढच्या कथेला हे जुळेना, म्हणून 1951च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. जुना मजकूर मात्र वाया गेला नाही: ती बिल्बोने सांगितलेली थाप होती, असे मोठ्या कादंबरीत आले. बिल्बो म्हणतो अंगठी भेट मिळाली, गॉलम म्हणतो वाढदिवसाची भेट होती, आणि या दोन थापा एकमेकींसारख्या निघाल्या म्हणूनच जादूगार गँडाल्फला धास्ती वाटते. ‘हॉबिट’चा अनुवादक ‘बक्षीस’ लिहील, मोठ्या कादंबरीचा अनुवादक एकदा ‘भेट’ आणि एकदा ‘नजराणा’, तर गँडाल्फला कशाची धास्ती वाटली ते मराठी वाचकाला कळणार नाही. तिन्ही ठिकाणी ‘भेट’च हवी.

तसेच शत्रूच्या मुलखात शिरताना किरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्यांवर सॅम म्हणतो की आपण कुठल्या गोष्टीत येऊन पडलोय कोण जाणे, आणि पुढे कधीतरी लाल-काळ्या अक्षरांच्या मोठ्या पुस्तकातून ती कुणी वाचून दाखवील. त्याच्या तोंडी ‘गोष्ट’ हाच शब्द हवा, कारण तो शेकोटीजवळच्या गोष्टींबद्दल बोलतोय. ‘कथा’, ‘आख्यान’, ‘महाकाव्य’ असे पालटत गेले की सॅम प्राध्यापक होतो. आपल्याकडे ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणणारी कहाणी आणि ‘तुका म्हणे’ने स्वतःची सही करणारा अभंग आहे, गोष्टीने स्वतःचे नाव घेणे मराठी कानाला परके नाही. त्याला तळटीप जोडू नये.

नावांसाठी टोल्कीनने अनुवादकांकरिता टिपण लिहून ठेवले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर 1975 मध्ये छापले गेले. त्याची रीत स्वच्छ आहे: यादीतली, अर्थ कळणारी नावे अर्थाने बदला, यादीत नसलेल्यांना हात लावू नका. बिल्बो-फ्रोडोच्या ‘बॅगिन्स’ या आडनावातली पिशवी (बॅग) मराठीत आणायला तो सांगेलच, पण ‘थैलीकर’ केले की माणूस गोव्यात किंवा कोकणात जाऊन उभा राहतो. म्हणून आडनाव तसेच ठेवून घरांची आणि गावांची नावे मराठीत आणावी, असे मला वाटते.

प्रकाशकांना विनंती अशी की अनुवादकाला पहिला खंड हातात देऊन करार करू नये. निघालेले सगळे खंड द्यावे आणि तक्त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळे मानधन द्यावे. तक्त्यात प्रत्येक शब्दापुढे मराठी रूप, लिंग, सामान्यरूप, कोण बोलतो, कुणाशी बोलतो, आणि पहिला व शेवटचा उल्लेख कुठल्या पानावर, एवढे रकाने पुरतात. पात्रांच्या प्रत्येक जोडीसाठी तू-तुम्ही-आपण यांचा वेगळा चौकोन करावा आणि बदल होतो ते पान लाल शाईने लिहावे. अनुवादक मध्येच बदलला तर नव्याला कादंबरीआधी हा तक्ता द्यावा. आणि आपल्या पुरवणीतील परीक्षकांनी पुढच्या वेळी ‘ओघवती’ लिहिण्याआधी दोन पाने उघडून पाहावी: पिपिन डेनेथॉरशी कसा बोलतो, आणि गॉलमचा पहिला ‘मी’ कुठे येतो.

आपला,
एक वाचक, पुणे